एका हाताची तीन हत्यारं

महाडच्या बाजारात कुणाची बंदूक रुसली, की ती रामजी तांब्याच्या दुकानात यायची. रानडुकरं हाकायच्या ठासणीच्या बंदुका, सणासुदीला बार काढायच्या दुनळ्या, सगळ्यांचं औषधपाणी तिथेच. रामजी सव्वीस वर्षं पलटणीत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर होता. हवालदार होऊन नाते गावी परतला आणि सरकारी परवाना काढून त्याने बाजारात हे बंदूक दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकाच्या हातातून बंदूक घ्यायची, दोनदा उघडझाप करायची आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच म्हणायचं, "पावसाळ्यात चुलीवर टांगली व्हतीस ना रे?" तो बिचारा ओशाळून मान डोलवायचा. बंदुकीकडे बघून मालकाचं घर सांगणारा माणूस म्हणून पोलादपूरपासून वरंधपर्यंत त्याचं नाव होतं, आणि त्या नावाची त्याला स्वतःलाही बऱ्यापैकी कल्पना होती.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत भिकू शिपाई पोलीस ठाण्याची पत्र्याची पेटी सायकलला बांधून त्याच्या दारात आला. पेटीत अकरा रिव्हॉल्वरं आणि वर मोठ्या साहेबांचं पत्र. आदल्या वर्षी दिल्लीत जे घडलं, त्यानंतर मोठ्या माणसांच्या सोबतीला असणारी पथकं नव्याने उभी राहत होती. बाई पुढारी असेल तर तिच्याजवळ साध्या कपड्यातली बाईच हवी, असं ठरलं होतं. जिल्ह्यातून सहा जण घ्यायचे होते आणि परीक्षेला नावं आली होती बावीस. त्यांतलं एक नाव फौजदार नीला रामजी तांबे.

नीला म्हणजे रामजीची एकुलती एक लेक. एकोणतीस वर्षांची, आणि तिशी उलटलेल्यांना त्या पथकात घेत नव्हते. म्हणजे संधी ही पहिली आणि शेवटची. हुकली, तर जत्रेत बायकांची रांग सरळ करायची आणि हरवलेल्या पोरांची वर्णनं लिहून घ्यायची, यातच पुढची नोकरी सरायची. फौजदारीची परीक्षा पास झालेल्या पोरीला सात वर्षं तेच काम दिलं होतं. ती तक्रार करत नसे, पण घरी आली की जेवताना फार गप्प असायची आणि ते रामजीला खुपायचं.

परीक्षा तीन भागांत होती. पहिल्या भागात लांबून सावकाश नेम धरायचा, स्पर्धेत धरतात तसा. दुसऱ्यात सरावाच्या कवायतीसारख्या भराभर गोळ्या झाडायच्या. तिसऱ्यात कपड्यात लपवलेलं हत्यार काढून जवळच्या निशाणावर गोळ्या मारायच्या. साहेबांनी पत्रात लिहिलं होतं की महाड ठाण्याच्या उमेदवारासाठी, म्हणजे नीलासाठी, तिन्ही कामांना पेटीतलं सर्वांत चांगलं असेल ते एकेक हत्यार निवडावं आणि दुरुस्त करून द्यावं.

भिकूने आपलं मत लगेच देऊन टाकलं. "हवालदार, ह्ये लांब नळीचं चकचकीत हाय ना, ह्ये स्पर्धेला. सरावाला त्ये जुनं, त्याचा चाप लोण्यावानी मऊ हाय. आन लपवायला ही चिमणी."

चिमणी म्हणजे तळहाताएवढं, भलत्याच कारखान्याचं एक इवलंसं हत्यार होतं. रामजीने ते दोन बोटांत उचलून बाजूला ठेवलं.

"भिकू, तू भाकर कंच्या हातानं खातोस?"

"उजव्या."

"सणावाराला पुरणपोळी आसली तर येगळा हात काढतोस काय?"

"नाय वो."

"मंग माझ्या पोरीला तीन हात का लावतोस? आज मऊ चाप, उद्या कडक चाप, परवा चिमणी. बोटाला काय समजनार, कंच्या टायमाला किती वढायचं त्ये? तिसऱ्या भागात इचार करायला येळ नसतो, बाबा. तिथं बोट आपलं आपन काम करतं. आन बोटाला एकच सवय लावायची आसते."

ही रामजीची विद्या होती आणि ती पक्की होती. जे हत्यार अंगावर बाळगायचं, त्याच जातीच्या हत्याराने सराव करायचा, आणि स्पर्धेतही त्याच जातीचं उचलायचं. नळी लांब-आखूड असू दे, पण सांगाडा तोच, मूठ तीच आणि चापाचा ताण तोच. अकरांतली पाच रिव्हॉल्वरं एकाच कारखान्याची होती. रामजीने ती पाचही टेबलावर मांडली. मग भिंतीवरचा ताणकाटा काढला. सुकी मासळी तोलणाऱ्या बाईकडे असतो तसलाच काटा, पण आकडा बारीक घासलेला. रिव्हॉल्वर रिकामं करून, नळी वर धरून, चापाला आकडा अडकवून तो काटा हळूहळू खाली ओढायचा. घोडा पडला की काट्यावरचं माप वाचायचं. पाचांतली दोन फार जड निघाली. उरलेल्या तिघांत एक लांब नळीचं, एक मधलं आणि एक आखूड. तीन दिवस कानस आणि तेलाचा कपडा चालवून त्याने तिघांचा ताण असा जुळवला की डोळे मिटलेल्या भिकूच्या हातात एकेक दिलं, तर कुठलं कुठलं ते भिकूला चापावरून सांगता येईना.

मुठी मात्र त्याला पटल्या नाहीत. बेकलाइटच्या, घासून गुळगुळीत झालेल्या, घामाने निसटणाऱ्या. त्या काढून त्याने शिसवाच्या नव्या मुठी केल्या, सांगाड्याच्या पाठीवरूनही लाकूड घेतलेल्या, भरदार. माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. नीला जन्मली तेव्हा रामजीच्या आईने तिची इवलीशी मूठ उघडून बघितली होती आणि म्हणाली होती, "पोर बापाच्या हातावर गेली गो!" तेव्हापासून भावकीत, शेजारात, शाळेत, सगळीकडे तेच. नीलाने पाटी फोडली तरी बापाचा हात, नीलाने पहिला नंबर काढला तरी बापाचाच हात. तेव्हा रामजीने शिसवाचा तुकडा आपल्याच पंजात धरला, बोटं जिथे बसली तिथे खुणा केल्या आणि तीन मुठी कोरल्या, तिन्ही एका मापाच्या. त्या एवढ्या देखण्या झाल्या की बाजारातले लोक बघायला आले.

नीलाने पहिल्यांदा लांब नळीचं हातात घेतलं तेव्हा तिने मूठ दोनदा सोडून परत धरली.

"कसं वाटतंय?" रामजीने विचारलं.

"छान आहे, आबा."

"छान नाय, बरोब्बर म्हन. माझाच हात हाय तो."

ती हसली आणि सरावाला गेली.

पहिल्या आठवड्याचे निशाणाचे कागद तिने आणून दाखवले, तेव्हा रामजीच्या कपाळाला आठी पडली. गोळ्या एकमेकींना धरून पडल्या होत्या, पण मध्यावर एकही नाही. सगळा जथा डावीकडे. तिन्ही हत्यारांचं तेच. दुसऱ्या आठवड्यातही तेच. या गुणांवर बावीस जणांत पंधरावा नंबर आला असता.

"तू चाप वढत नायस, ढकलतेस," रामजी म्हणाला.

"प्रयत्न करते, आबा."

"परयत्न काय करायचाय? हत्यार बरोबर हाय."

आणि ते बरोबर आहे हे त्याने सिद्धही केलं. साहेबांच्या परवानगीने चाचणीच्या सहा गोळ्या मागून घेतल्या, चांदमारीच्या मैदानावर गेला आणि बासष्टाव्या वर्षी, चष्मा लावून, सहाच्या सहा मध्यावर बसवल्या. भिकूने टाळ्या वाजवल्या. नीलाने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली मान घालून जीपमध्ये बसली. हत्यार बरोबर आहे म्हटल्यावर चूक कुणाची, हे वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

परीक्षेला चार दिवस उरले असताना तिला पोलादपूरला बंदोबस्तावर पाठवलं. परतायची होती ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. पेटी ठाण्यातच होती.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामजी न्याहारीला बसला, पण भाकरी नुसती कुसकरत राहिला. चुलीपुढे काशीबाई, त्याची बायको, भाकरी थापत होती. पलटणीतल्या मेजरालाही न घाबरलेला रामजी काशीबाईपुढे जरा जपूनच बोलायचा, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"मला एक कळत नाय," तो म्हणाला. "हत्यार चोख. मूठ चोख. हात माझा. मंग पोरीच्या गोळ्या डावीकडं का जातात?"

"कोन म्हनतो तिचा हात तुमचा हाय म्हनून?"

"समदे म्हनतात. माझी आई म्हनाली व्हती."

"तुमच्या आईला काय, लेकाचं कवतिक," काशीबाई भाकरी उलटत म्हणाली. "रंग तुमचा, हट्ट तुमचा. हात न्हवं. दर वरसाला कासार येतो तवा मी माझं माप देते नि त्यो तेच तिच्या हातात भरतो. सव्वादोनची बांगडी माझी, सव्वादोनची तिची. फौजदार झाली तरी त्येच माप. कासाराला जाऊन इचारा."

रामजीचा हात ताटातच राहिला.

"आगो, मंग इतकी वरसं बोलली का नायस?"

"मला कुटं म्हाईत तुमी बंदुकीला बांगड्या भरताय त्ये?"

रामजीने काशीबाईचा हात धरला आणि उलटा करून बघितला. पिठाने भरलेला, लहानखोर, आखूड बोटांचा हात. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या हाताने रांधलेलं खाल्लं होतं, हिने लिहवून घेतलेली पत्रं सरहद्दीवर वाचली होती, पण हा हात केवढा आहे हे त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"हात धू," तो म्हणाला. "माझ्यासंगं दुकानात चल."

महाडचा बाजार त्या दिवशी जरा उशिरा धंद्याला लागला. रामजी हवालदाराच्या दुकानात काशीबाई खुर्चीवर बसली आहे, डोक्यावर पदर आहे आणि हातात रिव्हॉल्वर, हा देखावा बघायला मिठाईवाला कढई सोडून आला. भिकू ठाण्यातून आणलेल्या पेटीची राखण करत दारात उभा होता, तोच लोकांना मागे सारत होता. "रिकामं हाय, रिकामं हाय," असं तो सगळ्यांना सांगत होता आणि तरी स्वतः जरा बाजूलाच उभा होता.

"चापावर बोट ठेव," रामजी म्हणाला.

काशीबाईने बोट लांब केलं. नुसतं टोक टेकलं.

"नीट पकड."

"नीटच पकडलंय. बोट वाढवून देताव काय?"

रामजीला सगळं तिथेच दिसलं. बोटाचं टोकच पोचत असेल, तर चाप मागे येतच नाही, बाजूला रेटला जातो, आणि गोळी डावीकडे जाते. पोरगी ढकलत होती हे खरं होतं. पण ढकलायला लावलं होतं त्याने. पंधरा दिवस पोर बापाच्या पंजाएवढी मूठ धरून उभी राहिली आणि बापाने वर तिलाच शिकवलं.

त्याने तिन्ही मुठी सोडवल्या. पाठीवरचं लाकूड रंध्याने उतरवलं, काशीबाईच्या हातात दिलं, परत घेतलं, परत उतरवलं. ज्या मुठी बघायला बाजार लोटला होता, त्यांची शिसवाची भुकटी जमिनीवर साचत गेली. देखणी वळणं गेली, बोटांच्या खुणा गेल्या. दोन दिवस काशीबाई सकाळी स्वयंपाक उरकून दुकानात येऊन बसत होती. दुसऱ्या दिवशी तर तिला त्यात गोडीच लागली. "हितं टोचतंय," "हितं अजून काढा," असं ती सांगायची आणि रामजी मुकाट्याने काढायचा. साध्या कपड्यात हत्यार कुठे ठेवणार, यावरही तिने तोंड घातलं. कमरेला पानसुपारीची चंची खोचून जन्म गेला होता तिचा. पदराखाली डाव्या कुशीवर कुठे पिशवी शिवली म्हणजे वस्तू दिसत नाही आणि हात मात्र सरळ जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने जाड खादीची पिशवी शिवली आणि रामजीने आतून पातळ चामडं लावलं.

परीक्षेच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या चांदमारीवर नीला साडी नेसून, आदल्या रात्री आईने दिलेली पिशवी पदराखाली बांधून आली. बाकीच्यांना हसू आलं. तिच्याबरोबरच्या दोघी बायकाही गणवेशाच्या पँटमध्ये होत्या.

"काम साडीत करायचंय, तर परीक्षाही साडीतच देते," ती शांतपणे म्हणाली आणि पेटीशी आली.

रामजी तिथे उभा होता. तिने लांब नळीचं उचललं, मूठ हातात घेतली आणि थबकली. बोट चापावर पुरतं, पेरापर्यंत बसलं होतं. तिने बापाकडे बघितलं.

"कधी केलंत?"

"तुझ्या आयेच्या हातावर केलंय," रामजी म्हणाला. "माझं चुकलं व्हतं, पोरी."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आबा."

"मंग बोल्ली का नायस?"

"तुम्ही इतक्या आनंदाने म्हणालात, माझाच हात आहे म्हणून. मला वाटलं, जमवून घेईन मी."

रामजीने तिची पाठ थोपटली.

पहिल्या भागात ती अकरावी आली. पंधरा दिवसांची वाईट सवय एका सकाळीत जात नाही. पहिल्या दोन गोळ्या डावीकडे गेल्या, मग बोटाला खरी जागा सापडली आणि उरलेल्या मध्याला चिकटत गेल्या. दोरीपलीकडे उभी असलेली काशीबाई प्रत्येक आवाजाला दचकत होती आणि प्रत्येक वेळी "लागली का?" म्हणून भिकूला विचारत होती. दुसऱ्या भागात नीला सातवर चढली. भराभर गोळ्या झाडताना तिला चाप शोधावा लागला नाही. मधलं हत्यार लांब नळीच्याच घरातलं, त्यामुळे हाताला पाहुणं कुणी नव्हतंच.

तिसऱ्या भागात फरक पडला. पहिल्या भागात पहिला आलेला फौजदार चकचकीत लांब नळीवर बादशहा होता, पण लपवायला त्याने कुणाकडून तरी भलतंच छोटं हत्यार आणलं होतं. शर्ट वर करून ते काढेपर्यंत वेळ संपून निशाण फिरलं आणि पहिली गोळी मातीत गेली. एकामागून एक तेच. हत्यार बाहेर यायचं, पण बोट क्षणभर गोंधळायचं.

नीलाची पाळी आली. शिट्टी वाजली. पदर हलला एवढंच लोकांना दिसलं. हात डाव्या कुशीत गेला, आखूड नळी बाहेर आली आणि सहा आवाज एका दमात झाले. निशाणाचा कागद आणला, तेव्हा सहाही भोकं काशीबाईच्या भाकरीखाली झाकली गेली असती एवढ्या जागेत होती, आणि चार मध्यात.

एकूण गुणांत ती चौथी आली. काशीबाईने तिथल्या तिथे बोटं मोडून लेकीची दृष्ट काढली. रामजीची छाती अशी काही फुगली होती की भिकू त्याला म्हणाला, "हवालदार, श्वास सोडा."

मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याने सहा जणांना बाजूला घेतलं. लांब नळीचं आणि मधलं पेटीत परत जाणार होतं. आखूड नळीचं आजपासून नीलाच्या अंगावर राहणार होतं. जीप तासाभरात निघायची होती.

"हे जुळवलं कुणी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझ्या वडिलांनी," नीला म्हणाली.

"मग तपासणीची सही त्यांनीच करावी."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. हत्यार तपासले, भरवशाचे आहे, अशी एक ओळ आणि खाली रेघ. रामजीने पेन घेतलं आणि तो वाकला. असल्या कागदावर त्याने पलटणीत किती सह्या केल्या होत्या त्याला मोजदाद नव्हती. बासष्टला केल्या, पासष्टला केल्या, एकाहत्तरला तर रांगच लागली होती. पोरं यायची, हत्यार घ्यायची, तो सही करायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. मग लढाई संपली की हत्यारं परत यायची, पुसून मोजून तो ती मांडायचा, आणि त्यांतल्या काहींच्या बरोबर पोरं आलेली नसायची. तेव्हाही तो हत्यारच तपासायचा.

शेजारी काशीबाई लेकीचा पदर सारखा करत होती.

"आन गो, त्या पुढारी बाईवर कोनी गोळी झाडली, तर तू काय करनार?"

"मी पुढं होणार, आये," नीला म्हणाली. "तेच काम आहे माझं." तिचा आवाज जराही हलला नाही.

रामजीचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच राहिलं. ज्या पोरांना त्याने हत्यारं दिली होती त्या सगळ्यांना बाप होते. कुठल्या कुठल्या गावांत, असेच उभे असलेले. सव्वीस वर्षांत त्यांतल्या एकाचाही विचार त्याच्या मनात आला नव्हता.

"आबा, सही करा ना. गाडी थांबलीय."

"थांब," रामजी म्हणाला. त्याने तिच्याकडून हत्यार मागून घेतलं, गोळ्या काढल्या, सहाही घरं एकेक करून उजेडाकडे धरून बघितली, घोडा पाडून बघितला, चक्री फिरवून बघितली आणि परत पहिल्या घरापासून सुरू केलं. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं, पण घाई केली नाही. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर रामजीने हत्यार दोन्ही हातांनी लेकीच्या हातात दिलं आणि सही केली.

तिने ते पदराखाली ठेवलं आणि ती जीपमध्ये बसली.